गाईच्या गळ्यातला सेन्सर: पट्टा विकायचा की सेवा?



गेल्या दोन-तीन महिन्यांत आपल्या रविवारच्या बॅचला चार जण एकच आयडिया घेऊन आले. गाईच्या गळ्यात बांधायचा सेन्सरचा पट्टा. गाय आजारी पडायच्या आधी मोबाईलवर मेसेज, गाय माजावर आली की मेसेज, रवंथ कमी झाला की मेसेज. एकाच्या हातात तर एजन्सीचा कागदच होता, फक्त डिपॉझिट भरायचं बाकी, आणि ते जाणार होतं वडिलांच्या पीएफमधून. व्हिडिओमध्ये मी यावर बोललोय, पण आकडेमोड कॅमेऱ्यासमोर नीट सांगता येत नाही. म्हणून इथे लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तंत्रज्ञान खरं आहे, फसवाफसवी नाही. पुणे जिल्ह्यात त्याला जागाही आहे. पण पट्टा विकण्याची एजन्सी घेऊ नका. या धंद्यात पैसा असलाच तर तो मेसेज आल्यानंतर जो माणूस गोठ्यावर जातो त्याच्याकडे आहे. आणि त्या माणसाचं बिल शेतकऱ्याने भरण्यापेक्षा डेअरीने भरायला हवं. आता हे का, ते बघू.

पट्टा नेमकं काय बघतो?

मोबाईल आडवा केला की स्क्रीन आडवी होते ना, ते करणारी छोटी चिप तीच या पट्ट्यात असते. हालचाल मोजणारी. गळ्यात बांधली तर डोक्याची आणि जबड्याची हालचाल कळते, त्यावरून गाय खातेय, रवंथ करतेय की नुसती उभी आहे ते सॉफ्टवेअर ओळखतं. पायात बांधली तर पावलं मोजते. इस्रायलमध्ये अफिकीम किबुट्झच्या कंपनीने पायातला पेडोमीटर 1980च्या दशकातच आणला होता, म्हणजे तंत्र नवं अजिबात नाही. नवं आहे ते स्वस्त झालेली चिप आणि मोबाईल.

निरोगी गाय दिवसाला साधारण सात-आठ तास रवंथ करते. एखाद्या दिवशी तो पाच तासांवर आला तर काहीतरी बिघडलंय. पोट असेल, ताप असेल, व्यायल्यानंतरचा कॅल्शियमचा त्रास असेल. दूध कमी झालेलं दिसायच्या आधी रवंथ कमी होतो, हा या पट्ट्याचा खरा फायदा. माजाचंही तसंच. गाय दर 21 दिवसांच्या आसपास माजावर येते आणि माज टिकतो जेमतेम 12 ते 18 तास. त्यातही बऱ्याच गाई रात्रीच माज दाखवतात. गोठ्यावर झोपणारं कुणी नसेल तर सकाळपर्यंत निम्मा माज संपलेला. माज सुरू झाल्यापासून साधारण बारा तासांनी रेतन करावं, म्हणजे सकाळी दिसली तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसली तर सकाळी, हा नियम आपल्याकडचे जुने डॉक्टरही सांगतात. पट्टा माज सुरू झाल्याची वेळ सांगतो. महागडी सेक्स्ड सीमेनची कांडी वापरायची असेल, ज्यातून जवळपास 90 टक्के कालवडी मिळायची अपेक्षा असते, तर ही वेळ फारच कामाची.

पण एकच पट्टा सगळं सांगतो असं विक्रेता म्हणाला की सावध व्हा. कासदाह दुधात कळतो. कासेला सूज असली की दुधातलं मिठाचं प्रमाण वाढतं, त्या दुधातून वीज जास्त वाहते, आणि ते मोजणारं मीटर दूध काढायच्या यंत्रात असतं. गळ्यातल्या पट्ट्याला ते दिसत नाही. पोटातलं तापमान मोजायचं असेल तर गाईला गिळायला लावायचा वेगळा बोलस येतो. म्हणजे ही तीन वेगळी यंत्रं, तीन वेगळे खर्च.

आणखी एक गोष्ट, जी ब्रोशरमध्ये लिहिलेली नसते. माजाचा सेन्सर चालतो गाय जास्त फिरते या गृहीतकावर. पण आपल्याकडे अजूनही किती गोठ्यांत गाय दावणीला बांधलेली असते? दोन फूट दोरीत ती किती पावलं चालणार? मुक्त संचार गोठा असेल तर हा आकडा छान मिळतो. बांधीव गोठ्यात पायातल्या पेडोमीटरवर फार भिस्त ठेवू नका. तिथे रवंथ मोजणारा गळ्यातला पट्टा जास्त उपयोगी. आणि म्हशींचा उन्हाळ्यातला मुका माज हे तर वेगळंच प्रकरण आहे. गाईसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर म्हशीच्या गळ्यात बांधून गिऱ्हाईक करू नका, पहिल्याच उन्हाळ्यात नाव खराब होईल.

तुमचा स्पर्धक कोण?

दुसरी सेन्सर कंपनी? नाही. तुमची स्पर्धक आहे गोठ्यातली बाई.

खेड, शिरूर, आंबेगाव, बारामती, इंदापूर, कुठल्याही गावात चार-पाच गाईंच्या गोठ्यावर जा. पहाटे धार काढायला उठणारी त्या घरातली मावशी असते. कोणती गाय आज गव्हाणीत तोंड घालत नाही, कोणती उगाच हंबरतेय, कोणीची बळस दिसली, हे तिला कुठल्याही ॲपच्या आधी कळतं. आणि तिचा पगार शून्य. (हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण धंद्याचं गणित मांडताना ते धरावंच लागतं.) अशा गोठ्यात तुम्ही हजारो रुपयांचा पट्टा घेऊन गेलात तर ती तुम्हाला चहा पाजेल आणि परत पाठवेल. आणि तिचं बरोबर असेल.

मग गिऱ्हाईक कोण? ज्या गोठ्यातून ती नजर गेलेली आहे तो. चाकण नाहीतर रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा मुलगा, घरी आईवडील थकलेले, कर्ज काढून 20-25 होल्स्टीन संकर गाई घेतलेल्या, मुक्त संचार गोठा केलेला, आणि धारेला बाहेरचा गडी. गड्याला गाय माजावर आली काय न आली काय, सारखंच. हा मालक रात्री कंपनीतून फोन करतो, गायी बऱ्या आहेत का? समोरून उत्तर येतं, हो. बास. त्याला पट्ट्याची गरज आहे. पंधरा ते पन्नास गाई, मुक्त गोठा, मालक बाहेर. हे तिन्ही एकत्र असतील तिथेच जा.

अगदी मोठ्या फार्मचं सोडून द्या. मंचरला पराग मिल्क फूड्सचा भाग्यलक्ष्मी फार्म आहे, तिथे गोल फिरणाऱ्या पार्लरमध्ये गाई चढतात, दूध काढून उतरतात. तिथलं दूध 2011 पासून प्राइड ऑफ काऊज नावाने घरपोच विकलं जातं. त्या दुधाचा दर आणि गावातल्या संकलन केंद्रावरचा दर यांची तुलनाच नाही. एवढा भाव मिळणारा माणूस कुठलंही यंत्र परवडवू शकतो, आणि तो ते तुमच्याकडून घेणार नाही, थेट परदेशी कंपनीकडून घेईल.

आकडे

आता वही काढा. खालचे दर मी उदाहरणादाखल धरलेत, तुम्ही तुमच्या कोटेशनचे घाला.

एक माज हुकला म्हणजे 21 दिवस गेले. गाईचा रोजचा चारा-पेंडीचा खर्च 250 रुपये धरला तर 5,250 रुपये. पण हा पूर्ण तोटा नाही, कारण गाय त्या काळात दूध देतच असते. फक्त वेत लांबतं, शेवटी शेवटी दूध आटतं, भाकडकाळ पुढे सरकतो. म्हणून मी निम्माच तोटा धरतो, 2,600. विक्रेते पूर्ण 5,250 सांगतात, लक्षात ठेवा. दहा गाई, प्रत्येकीचा वर्षात एक माज हुकला, तर वर्षाचे 26,000.

आता पट्टा. एकाची किंमत 6,000 धरा, गोठ्यात लावायचा गेटवे 20,000, आणि ॲपची वर्षाची वर्गणी गाईमागे 1,500. दहा गाईंना सुरुवातीचे 80,000. चार वर्षं टिकले तर वर्षाला 20,000, अधिक वर्गणी 15,000. झाले 35,000. म्हणजे हुकणारा प्रत्येक माज पकडला तरी 26,000 वाचणार, आणि खर्च 35,000. आजार लवकर कळल्याचा फायदा वेगळा आहे, एखादी चांगली गाय वाचली तर सगळे पैसे एकदम वसूल. पण ते नशिबावर आहे. शेतकऱ्याला नशिबाचा हिशेब सांगून मशीन विकायचं नाही.

दुधाचा दर तर बघा ना. 2024 च्या जानेवारीत सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावं लागलं, कारण डेअऱ्यांचा दर 27 च्या आसपास आला होता. पुढे ऑक्टोबरमध्ये ते 7 रुपये झालं. असा दर असताना 80,000 ची गुंतवणूक कोण करेल?

पण इथेच एक वाट आहे, जी एजन्सीवाला तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याचे पट्टे कमी खपतील. सगळ्या गाईंना सगळा वेळ पट्टा लागतच नाही. गाभण राहिलेल्या गाईचा माज बघायचाय कशाला? पट्टा हवा व्यायच्या आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे, आजारासाठी. आणि मग साधारण 45 व्या दिवसापासून गाभण असल्याची तपासणी होईपर्यंत, माजासाठी. बाकीच्या दिवसांत तो दुसऱ्या गाईच्या गळ्यात जाऊ शकतो. 30 गाईंच्या गोठ्याला 10-12 पट्टे पुरतात. म्हणजे पट्टा विकत न देता भाड्याने द्यायचा आणि फिरवायचा.

मग भाड्याचा हिशेब. दहा गोठे, प्रत्येकी 25 गाई, एकूण 250. फिरते पट्टे 100, म्हणजे 6 लाख. दहा गेटवे, 2 लाख. एकूण 8 लाख. गाईमागे महिना 100 रुपये घेतले तर 25,000 येतात. एक मुलगा गाडीवर फिरायला, 16,000. पेट्रोल, सिमकार्ड, तुटलेले पट्टे, 9,000. हातात काय? शून्य. आणि ॲपची वर्गणी अजून धरलेली नाही! 200 रुपये घेतले तर 50,000 येतात, खर्च जाऊन 25,000 राहतात, वर्गणीचे महिना 12,500 गेले की 12,500. आठ लाख फिटायला पाच वर्षांच्या वर. तोवर पट्टे म्हातारे.

हे वाचून बऱ्याच जणांचा उत्साह मावळेल. मावळू दे. डिपॉझिट भरल्यावर मावळण्यापेक्षा बरं.

पैसे कोण देणार?

आता भिलवडीला चला. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. आपण पुणेकर चितळे म्हटलं की बाकरवडी आणि दुपारी बंद दुकानाचे विनोद एवढंच आठवतो. पुण्यातलं दुकान 1950 चं. त्याच्याही आधी, 1939 पासून, या घराण्याचा दुधाचा धंदा भिलवडीला आहे. तिथल्या चितळे डेअरीने 2010 नंतरच्या काळात दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या जनावरांना आरएफआयडी टॅग लावले. त्या टॅगवरून जनावराची ओळख, मग त्याचं वेत, दूध, लस, रेतन यांची नोंद डेअरीच्या सर्व्हरवर, आणि तिथून शेतकऱ्याच्या मोबाईलवर एसएमएस, खुराक बदला, लस द्या, अमुक तारखेला बघा. परदेशातल्या कॉम्प्युटर कंपन्यांनी या प्रयोगाचं कौतुक केलं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. एक, हा टॅग काही मोजत नव्हता. तो फक्त ओळख सांगत होता. खरं काम नोंदीचं होतं आणि नोंद घ्यायला जाणाऱ्या माणसांचं. दोन, याच्या मागे डेअरी उभी होती. कारण गाय वेळेवर गाभण राहिली तर दूध डेअरीलाच जास्त येतं, आणि ज्या शेतकऱ्याला आपल्या जनावराचा सगळा इतिहास एका डेअरीकडून मिळतो तो पन्नास पैशांसाठी दुसऱ्या गाडीला दूध घालत नाही. शेतकऱ्याला फायदा 2,600 रुपयांचा दिसतो. डेअरीला फायदा वर्षभराच्या दुधाचा दिसतो. बंगळुरूची स्टेलॅप्स ही कंपनीसुद्धा 2011 पासून मुख्यतः डेअऱ्यांबरोबरच काम करते, ते उगाच नाही.

आणि नुसत्या नोंदीलाही किंमत आहे, हे 2024 च्या अनुदानानेच दाखवलं. ते पैसे मिळायला गाईच्या कानात बारा अंकी बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद लागत होती. ज्याच्या नोंदी तयार होत्या त्याचं काम सोपं. ज्याच्या नव्हत्या तो केंद्रावर चकरा मारत बसला.

म्हणून तुमचं गिऱ्हाईक गोठा नाही. रोज दोन-पाच हजार लिटर गोळा करणारं खासगी संकलन केंद्र किंवा मध्यम डेअरी हे तुमचं गिऱ्हाईक. त्यांना म्हणा, तुमच्या मोठ्या वीस गोठ्यांचं प्रजननाचं आणि आजाराचं बघणं मी करतो. निम्मे पैसे तुम्ही द्या, निम्मे शेतकऱ्याच्या दहा दिवसांच्या पगारातून कापून द्या. यात तुमची वसुलीची डोकेदुखीच संपली. गावात उधारी वसूल करत फिरलेल्या माणसालाच याचं मोल कळेल.

हे मी दुकानदार म्हणून सांगतोय. माझ्या दुकानात सीसीटीव्ही विकले जातात. आज गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून मोबाईलवर ऑनलाइन दर दाखवतं, कॅमेऱ्यात मला काही उरत नाही. घर चालतं ते एएमसीवर. कॅमेरा बंद पडला की दोन तासांत माझा मुलगा पोचतो, सोसायटी त्याचे पैसे देते. पट्ट्याचं हेच होणार आहे. आज 6,000 चा आहे, उद्या 2,500 ला ऑनलाइन मिळेल, आणि ज्याने एजन्सीचा स्टॉक भरून ठेवलाय तो रडेल. रात्री दोनला अलर्ट आल्यावर सकाळी सहाला गोठ्यावर पोचणारा माणूस मात्र ऑनलाइन मिळणार नाही.

असा माणूस आपल्या जिल्ह्याला नवा नाही. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये बाएफ सुरू केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेलं. नायट्रोजनचा कॅन गाडीला बांधून गोठ्यावर जाणारा तंत्रज्ञ ही त्यांची खरी ताकद. तुमच्या भागात असे तंत्रज्ञ आहेत, त्यांना भागीदार करा. अलर्ट तुमचा, रेतन त्यांचं. स्वतः मात्र सुई हातात घेऊ नका. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. तुम्ही बीबीए असा नाहीतर इंजिनिअर, डॉक्टर नाही.

परदेशातून पट्टे मागवायचे असतील तर आणखी एक. लांब पल्ल्याच्या रेडिओवर चालणारी यंत्रं आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झमध्ये विनापरवाना चालतात. अमेरिकेसाठी बनवलेला 915 चा माल स्वस्तात दिसला तरी घेऊ नका. आणि वायरलेस यंत्र आयात करायला डब्ल्यूपीसीची ईटीए मंजुरी लागते. ती विक्रेत्याकडे आहे का, कागद बघून खात्री करा. तोंडी "सगळं क्लिअर आहे" चालणार नाही, माल कस्टममध्ये अडकला की भाडं तुम्हाला पडतं.

सुरुवात कशी करायची ते विचारताय ना? आठ लाख लागतच नाहीत. एका केंद्रचालकाला गाठा, त्याच्याकडून मुक्त संचाराचे तीन गोठे मागा. पहिले दोन महिने एकही पट्टा नाही, फक्त वही. कोणती गाय कधी व्याली, कधी माजावर आली, कधी भरवली, उलटली की राहिली. दर आठवड्याला जाऊन भरायची. 21 दिवसांचा हिशेब करून आदल्या संध्याकाळी मालकाला फोन करायचा, की उद्या अमुक गाईवर लक्ष ठेवा. नुसत्या एवढ्यानेच काही हुकलेले माज सापडतील. दोन महिन्यांनी तुमच्याकडे त्या गोठ्यांचा खरा आकडा असेल, किती माज हुकतात, कशामुळे. मग दहा पट्टे घ्या, त्याच गोठ्यांत लावा, आणि वहीपेक्षा पट्ट्याने जास्त काय पकडलं ते मोजा. फरक दिसला तर तोच कागद घेऊन केंद्रचालकासमोर बसा. नाही दिसला तर पट्टे आणि तीन गेटवे धरून तुमचे एक लाख वीस हजार गेले, सहा लाख ऐंशी हजार वाचले.

तुमच्या तालुक्यातल्या गोठ्यांचे आकडे घालून हा हिशेब केलात तर खाली लिहा, विशेषतः चारा खर्च आणि गड्याचा पगार. इंदापूरचा आणि मावळचा आकडा एक येणार नाही, आणि पुढच्या बॅचला मला तोच दाखवायचाय.